नागपुरातल्या लहान इटालियन रेस्टॉरंटमध्ये जेवायला जाताना

धरमपेठ, रामदासपेठ, सदर, शंकरनगर या भागांत एखाद्या जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर किंवा गल्लीच्या कोपऱ्यावर थाटलेली, आठ-दहा टेबलांची इटालियन पद्धतीची रेस्टॉरंटे आता नागपूरकरांना अनोळखी राहिलेली नाहीत. मात्र लग्नाच्या वाढदिवसाला मोठ्या हॉटेलात ज्या पद्धतीने मागवले जाते, त्याच पद्धतीने पुष्कळ जण येथेही मागवतात. सगळे पदार्थ एकाच दमात सांगितले जातात, ते सगळे एकदम टेबलावर यावेत अशी अपेक्षा असते, आणि मग निम्मे पदार्थ थंड झालेले व निम्मे उशिरा आलेले खावे लागतात. अशा रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात साधारणपणे एक ओव्हन, चार-सहा शेगड्या आणि दोन-तीन माणसे असतात. पंजाबी भाजीची ग्रेव्ही सकाळी करून ठेवता येते आणि ऑर्डर आल्यावर दोन मिनिटांत भाजी उतरते. पास्ता मात्र सॉसमध्ये मिसळल्या क्षणापासून बिघडू लागतो, त्यामुळे तो ज्या त्या वेळीच करावा लागतो. स्वयंपाकघराची ही मर्यादा ओळखून जागा निवडली, वेळ ठरवली आणि क्रमाने मागवले, तर त्याच पैशांत बरेच चांगले जेवण मिळते. पुढील सगळ्या सूचना याच एका गोष्टीच्या आधारे केलेल्या आहेत.

जागा निवडताना

प्रथम मेनू कार्ड पाहावे. बहुतेक ठिकाणचे ते मोबाइलवर घरबसल्या मिळते. ज्या कार्डावर पास्त्याच्या शेजारी मंचुरियन, पनीर टिक्का आणि नाचोज अशी सगळी मंडळी एकत्र नांदतात, तेथील जेवण वाईटच असते असे नाही, पण तेथील पास्त्याचा सॉस बहुधा तयार डब्यातून किंवा सकाळच्या पातेल्यातून येतो. पाच-सहा पास्ते, तितकेच पिझ्झे, दोन-तीन सलाड आणि दोन गोड पदार्थ एवढेच कार्ड असेल, तर ते स्वयंपाकघर आपल्या आवाक्यातले काम करते आहे असे समजावे. रेस्टॉरंटने स्वतः टाकलेल्या झगमगीत छायाचित्रांपेक्षा जेवून गेलेल्या लोकांनी काढलेली अलीकडची छायाचित्रे अधिक खरे सांगतात. त्यांत पिझ्झ्याची कड फुगलेली आणि ठिकठिकाणी करपट ठिपके असलेली दिसली, तर ओव्हन चांगला तापतो हे कळते.

ओव्हनचा प्रश्न पिझ्झ्यापुरता महत्त्वाचा आहे. नेपल्समधील पिझ्झ्याच्या परंपरेचे नियम जपणारी संस्था १९८४ साली स्थापन झाली. तिच्या नियमांप्रमाणे लाकडाच्या भट्टीत साधारण ४३० ते ४८५ अंश सेल्सिअस तापमानाला पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. गॅसच्या किंवा विजेच्या साध्या ओव्हनमध्ये हे तापमान गाठता येत नाही. तेथे पिझ्झ्याला कित्येक मिनिटे लागतात आणि त्याचा तळ अधिक कोरडा व कुरकुरीत होतो. हाही प्रकार चवीला चांगला असू शकतो, पण मऊ, लवचिक कडेचा पिझ्झा हवा असेल तर भट्टी कोणती आहे हे आधी विचारून घ्यावे.

वेळ आणि टेबल

शनिवार-रविवारी रात्री साडेआठ ते साडेनऊ या तासाभरात सगळे नागपूर एकदमच जेवायला बाहेर पडते. त्या वेळी लहान स्वयंपाकघरावर जो ताण येतो त्याचा परिणाम ताटात दिसतो. शक्य असल्यास आठवड्याच्या मधल्या दिवशी, किंवा सुटीच्या दिवशी जायचेच असेल तर साडेसातच्या सुमारास टेबल घ्यावे. उशिराच जायचे असल्यास शेवटची ऑर्डर किती वाजता घेतात हे विचारावे, कारण दार अकरापर्यंत उघडे असले तरी ओव्हन त्याआधीच बंद केलेला असतो.

नागपूरची म्हणून काही वेळापत्रके आहेत, तीही लक्षात ठेवावीत. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू असते तेव्हा सिव्हिल लाइन्स आणि विधान भवनाच्या परिसरातील रस्त्यांवर बंदोबस्त असतो आणि आसपासची रेस्टॉरंटे बाहेरगावच्या पाहुण्यांनी भरलेली असतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवरची वाहतूक वळवली जाते, त्यामुळे लक्ष्मीनगर-बजाजनगर भागात चारचाकीने जाण्याचा बेत त्या दिवसांत करू नये. धरमपेठ-गोकुळपेठेत तर एरवीही गाडी लावायला जागा शोधण्यातच भूक मरते. मेट्रोच्या ॲक्वा मार्गिकेवरील शंकरनगर चौक किंवा एलएडी चौक स्थानकावर उतरून चालत जाणे पुष्कळ सोयीचे असते, फक्त परतीची शेवटची गाडी कधी आहे हे आधी पाहून ठेवावे.

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असतो. अशा वेळी गच्चीवरचे किंवा अंगणातले टेबल दिव्यांच्या माळांमुळे कितीही देखणे दिसले तरी घेऊ नये, आणि आतले टेबल घेताना ते ओव्हनपासून दूर मागावे. हिवाळ्यात नेमके उलटे करावे.

फोन करताना माणसांची संख्या आणि वेळ एवढेच सांगून थांबू नये. ‘शनिवारी रात्री आठला सहा जण येणार आहोत, त्यांत एक आजी आहेत, त्यांना उंच स्टूल नको. दोघे अंडे खात नाहीत आणि एक जण जैन आहेत. त्यांच्यासाठी काय काय करता येईल, ते आज सांगाल का?’ एवढे बोलायला अर्धे मिनिट लागते. आचाऱ्याला आधी कळले तर तो कांदा-लसणाविना टोमॅटोचा सॉस वेगळा काढून ठेवू शकतो. रात्री नऊ वाजता, टेबलावर बसल्यानंतर, ते त्याला जमतेच असे नाही.

शाकाहारी असाल तर विचारायचे प्रश्न

इटालियन जेवणात मांसाचा तुकडा दिसला नाही म्हणून पदार्थ शाकाहारी ठरत नाही. आपल्याकडे गुरुवार-शनिवार पाळणारे, श्रावण पाळणारे, अंडे न खाणारे आणि कांदा-लसूणही वर्ज्य मानणारे असे सगळेच एका टेबलावर बसलेले असू शकतात, म्हणून हा भाग थोडा सविस्तर सांगतो.

पहिला प्रश्न चीजचा आहे. इटलीतील पार्मिजानो रेज्जानो हे किमान १२ महिने मुरवलेले कडक चीज वासराच्या पोटातून मिळणाऱ्या रेनेट या विकराने दूध साकळवून केले जाते. मेंढीच्या दुधाच्या पेकोरिनो रोमानोसाठी कोकराचे रेनेट वापरतात. भारतात तयार होणाऱ्या चीजसाठी मात्र सर्रास सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले रेनेट वापरले जाते आणि त्यावर हिरवा ठिपका असतो. त्यामुळे ‘पार्मेसान आहे का?’ असे विचारून उपयोग नाही. ‘कोणते चीज वापरता, पाकिटावर हिरवा ठिपका आहे का?’ असे विचारावे. नीट चाललेल्या ठिकाणी वेटर आत जाऊन पाकीट आणून दाखवतो, आणि त्यात त्याला काही गैर वाटत नाही.

दुसरा प्रश्न अंड्याचा. रव्यासारख्या दळलेल्या ड्युरम गव्हाचा, पाकिटातला सुका पास्ता साधारणपणे पाणी आणि गहू एवढ्यावरच बनतो. ‘फ्रेश पास्ता’ किंवा ‘हँडमेड पास्ता’ असे कार्डावर अभिमानाने लिहिलेले असते तेव्हा मात्र त्यात अंडे असण्याची शक्यता फार मोठी असते; तालियातेल्ले, रॅव्हिओली आणि लाझान्याच्या पट्ट्या यांबाबत आवर्जून विचारावे. गोड पदार्थांत तिरामिसूच्या मूळ कृतीत कच्चे अंडे असते आणि त्यातली बिस्किटेही अंड्याचीच असतात. आपल्याकडे बिनअंड्याचे तिरामिसू अनेक ठिकाणी मिळते, पण ते गृहीत धरू नये. पन्ना कोता ही साय आणि साखरेची थरथरणारी खीर दिसायला निष्पाप असली, तरी ती जिलेटिनने घट्ट करतात आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून येते; त्याऐवजी समुद्री शेवाळापासून मिळणारे आगर-आगर वापरले आहे का, हे विचारावे.

तिसरा प्रश्न न दिसणाऱ्या गोष्टींचा. मिनेस्त्रोने सूप भाज्यांचे असले तरी ते चिकनच्या पाण्यात शिजवलेले असू शकते, आणि रिसोत्तो या मऊसर इटालियन भाताचेही तसेच. सीझर सलाडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही नावाच्या लहान माशांचा अंश असतो. (हे सलाड मुळात इटलीचे नाही, ते मेक्सिकोतील तिहुआना शहरात एका इटालियन स्थलांतरिताच्या रेस्टॉरंटमध्ये जन्मले, तरी ते इटालियन कार्डावर हमखास सापडते.) पेस्तो या हिरव्या, चटणीसारख्या सॉसमध्ये बेसिलबरोबर चीज, लसूण आणि पाइन नट्स असतात. पाइन नट्स महाग असल्याने आपल्याकडे त्यांऐवजी काजू किंवा अक्रोड घालतात, म्हणून ज्यांना सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे त्यांनी हे विचारल्याशिवाय घास घेऊ नये.

जैन पद्धतीने जेवणाऱ्यांना पर्याय कमी असतात, पण नसतात असे नाही. न्योकी बटाट्याची असल्याने ती बाद, आल्यो ए ओल्यो म्हणजे लसूण आणि तेलच, त्यामुळे तेही बाद. कांदा-लसूण न घातलेला टोमॅटो सॉस मिळत असेल तर मार्गेरिता पिझ्झा सर्वांत सोपा पडतो, आणि ताजे मोझरेला, टोमॅटो व बेसिल यांचे काप्रेसे सलाडही चालते. चीजचा प्रश्न अर्थातच दोन्हींसाठी आहे.

मागवण्याचा क्रम

इटलीत जेवण टप्प्याटप्प्याने होते. आधी थोडे चाखण्याचे पदार्थ, मग पास्ता किंवा रिसोत्तो, त्यानंतर मांस किंवा मासे आणि सोबत एखादी भाजी, शेवटी गोड आणि कॉफी असा तो क्रम असतो. पिझ्झा तेथे बहुतेक वेळा प्रत्येकाचा स्वतंत्र असतो आणि तेच पूर्ण जेवण असते. आपण मात्र मधोमध ठेवून वाटून खातो, आणि त्यात काही बिघडत नाही, फक्त वाटून खाण्याच्या पद्धतीला साजेसे मागवले पाहिजे.

चार जणांसाठी पहिल्या फेरीत एक सलाड किंवा ब्रुस्केता (टोमॅटो वगैरे घातलेला भाजका पाव) आणि एक पिझ्झा सांगावा, आणि त्याच वेळी ‘भाऊ, पिझ्झा संपत आला की पास्ता लावा, आधी नको’ असे स्पष्ट सांगून दोन पास्ते नोंदवून ठेवावेत. पिझ्झा ओव्हनमध्ये होतो आणि पास्ता शेगडीवर, त्यामुळे दोन्हींची एकमेकांत अडचण होत नाही. दोन्ही पास्ते शक्यतो एकदमच येऊ द्यावेत, नाहीतर एक जण खातो आणि बाकीचे बघत बसतात. गोड पदार्थ शेवटी पोटाचा अंदाज घेऊन सांगावा. सूप ‘वन बाय टू’ मागायला येथेही संकोच बाळगू नये. सहा-आठ जण असतील तर प्रत्येकाने वेगळा पास्ता मागवण्याचा मोह टाळावा. चार शेगड्यांवर आठ प्रकारचे सॉस एकाच वेळी निघत नाहीत. तीन प्रकार निवडून त्यांतले दोन-दोन मागवले तर सगळ्यांना गरम मिळते.

रिसोत्तो हवा असेल तर तो अगदी सुरुवातीला सांगावा. आर्बोरिओ किंवा कार्नारोली या जाड, पिठूळ तांदळाला थोडे थोडे गरम पाणी पाजत तो करावा लागतो आणि त्याला वीसेक मिनिटे लागतातच. तो पाच मिनिटांत समोर आला, तर भात आधीच अर्धा शिजवून ठेवलेला होता असे समजावे. त्यात फार मोठा गुन्हा नाही, पण त्याची किंमत ताज्या रिसोत्तोइतकी असू नये असे माझे मत आहे.

पास्ता कोणता घ्यावा

आपल्याकडची रेड, व्हाइट आणि पिंक सॉस ही वाटणी हिंदुस्थानी सोयीची आहे. तिच्यात राहूनही चांगले जेवता येते, परंतु चांगल्या ठिकाणी गेल्यावर एखादा तरी पास्ता तिच्या बाहेरचा घ्यावा. सावजी रश्शावर वाढलेल्या जिभेला पांढरा सॉस तिसऱ्या घासानंतर जड आणि एकसुरी वाटू लागतो, आणि मग चिली फ्लेक्सची पाकिटे एकामागून एक फुटतात. तिखट हवेच असेल तर मूळचाच तिखट पदार्थ निवडावा. रोमच्या परिसरातील आराबियाता हा टोमॅटो, लसूण आणि सुक्या लाल मिरचीचा सॉस आहे आणि ‘थोडा जास्त तिखट करा’ म्हटले तर त्याची मूळ चव बिघडत नाही. इटलीच्या दक्षिण टोकावरील कालाब्रियात तर मिरचीवर भिवापूरकरांइतकेच प्रेम आहे. लसूण आवडणाऱ्यांनी आल्यो ए ओल्यो घ्यावे. त्यात लपायला काहीच नसते, त्यामुळे स्वयंपाकघराचा हात कसा आहे ते त्यावरून चटकन कळते. कार्बोनारा हा अंडे, मुरवलेले डुकराचे मांस आणि चीज यांचा पदार्थ आहे, त्यात क्रीम नसते. कार्डावर ‘क्रीमी व्हेज कार्बोनारा’ दिसला तर तो व्हाइट सॉस पास्ताच समजून मागवावा.

पास्ता दाताला किंचित लागेल इतपतच शिजवलेला असतो. तो कच्चा नसतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना किंवा लहान मुलांना तसा आवडत नसेल तर ऑर्डर देतानाच ‘थोडा जास्त शिजवा’ असे सांगावे, कारण सॉसमध्ये मिसळलेला पास्ता परत पाठवला तर तो शिजण्याऐवजी चिकट होऊन येतो. ताट आले की आधी दोन घास तसेच खावेत, मगच मिरची, मीठ किंवा ओरेगॅनो यांना हात लावावा. छायाचित्र काढायचे असेल तर एकाने, एकच काढावे. क्रीमचा सॉस तेवढ्या वेळातही घट्ट होऊ लागतो.

पिझ्झ्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पहिल्या भेटीत मार्गेरिता घ्यावा, कारण पीठ, टोमॅटो आणि चीज या तिन्हींची पारख त्यावर होते. हाताने खाल्ला तरी चालतो, सुरी-काट्याने खाल्ला तरी चालतो. बुर्राता, म्हणजे आत साय भरलेली मोझरेलाची पिशवी, महाग असते आणि ती ताजी नसेल तर आंबूस लागते. ऐन उन्हाळ्यात ती मागवण्यापूर्वी कधी आली आहे, ते विचारावे. त्याच दिवसांत ताजे बेसिलही मलूल होते, त्यामुळे पेस्तो हिवाळ्यात अधिक चांगला लागतो. हिवाळ्यात संत्र्याच्या फोडी, कांदा आणि ऑलिव्ह तेल यांचे सिसिलीच्या पद्धतीचे सलाड कार्डावर दिसले, तर नागपूरकराने ते सोडू नये.

पाणी, वाइन आणि कॉफी

बसताक्षणी बाटलीबंद पाण्याबद्दल विचारले जाते; साधे पाणी हवे असल्यास तसे सांगावे, त्यात कमीपणा नाही. वाइन सर्वत्र मिळत नाही, आणि जेथे मिळते तेथे महाराष्ट्रात बिअर व वाइनसाठी वयाची अट २१ वर्षे आहे. जेवणानंतर इटालियन माणूस छोटी, कडक एस्प्रेसो घेतो आणि दुधाची कॅपुचिनो सकाळसाठी ठेवतो, पण रात्री दहाला कॅपुचिनो प्यायल्याने नागपुरात कोणी नावे ठेवत नाही.

बिल वाचताना

लहान, स्वतंत्र रेस्टॉरंटमधील जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे केंद्राचे अडीच आणि राज्याचे अडीच टक्के. खोलीचे भाडे ७,५०० रुपयांच्या वर जाणाऱ्या मोठ्या हॉटेलांतील रेस्टॉरंटना १८ टक्क्यांचा दर असतो. तो शेजारच्या गल्लीतल्या रेस्टॉरंटच्या बिलात दिसता कामा नये. जे व्यावसायिक कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या कर योजनेत, आहेत त्यांना ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही. बिलावर अन्न परवान्याचा १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक असणेही बंधनकारक आहे.

सेवा शुल्क ही वेगळी गोष्ट आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते बिलात आपोआप जोडता येत नाही आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये या सूचना वैध ठरवल्या. फरक किती पडतो ते पाहावे: १,८०० रुपयांच्या जेवणावर ९० रुपये जीएसटी धरून बिल १,८९० रुपये होते, त्यात १० टक्के सेवा शुल्क जोडून त्यावरही कर लावला, तर तेच बिल २,०७९ रुपयांवर जाते. असे शुल्क दिसल्यास आवाज न चढवता ‘हे काढून द्या’ म्हणावे. बहुतेक ठिकाणी ते लगेच काढतात. न काढल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. सेवा चांगली वाटली तर वेटरच्या हातात स्वतंत्रपणे काही द्यावे, ते थेट त्याला मिळते. ॲपवरून सवलत घेणार असाल तर ती कोणत्या दिवशी, किती रकमेच्या वर आणि कोणत्या पदार्थांवर लागू आहे, हे ऑर्डर देण्यापूर्वीच विचारावे. बिल छापल्यानंतर होणारा वाद दोन्ही बाजूंना नकोसा असतो.

पदार्थात काही चुकले असेल तर तो निम्मा संपण्यापूर्वी सांगावे. थंड आलेला पिझ्झा, खारट सॉस, सांगूनही घातलेला लसूण या दुरुस्त होण्याजोग्या चुका आहेत आणि लहान ठिकाणी मालक स्वतःच बहुधा गल्ल्यावर किंवा ओव्हनजवळ असतो, त्यामुळे तक्रार थेट योग्य माणसापर्यंत पोहोचते.

उरलेले घरी नेताना

उरलेला पिझ्झा जरूर पार्सल करून न्यावा. दुसऱ्या दिवशी तो मायक्रोवेव्हमध्ये न घालता मंद आचेवरच्या तव्यावर ठेवावा, तळ कुरकुरीत होऊ लागला की तव्याच्या कडेला चार थेंब पाणी टाकून मिनिटभर झाकण ठेवावे. चीज वितळते आणि तळ मऊ पडत नाही. टोमॅटोचा पास्ता कढईत दोन चमचे पाणी घालून, तर क्रीमचा पास्ता दोन चमचे दूध घालून गरम करावा. रिसोत्तो दुसऱ्या दिवशी गोळा होतो, त्याचे पीठ लावून तळलेले गोळे मात्र चांगले लागतात. क्रीम, चीज किंवा चिकन असलेले पार्सल एरवी दोन तासांच्या आत आणि ३२ अंशांवरच्या उकाड्यात तासाभराच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजे. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत जेवणानंतर फुटाळ्यावर फेरी मारायचा बेत असेल, तर पार्सल घेऊच नये, किंवा आधी घरी ठेवून मग फिरायला निघावे.